सगळी माणसं तिथेच का असतात

ती बाई कोरियाची आहे हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी एवढंच पाहिलं की तिने माझ्या पाटीतली एक सुकी मांदेली उचलली, नाकाशी नेली, अंगठ्याच्या नखाने तिचं डोकं मोडलं आणि पोटातला काळा दोरा एका झटक्यात बाहेर ओढला. आमच्याकडे नव्या सुनेला हे जमायला वर्ष जातं. मी मनात म्हटलं, ही कुठली का असेना, मासळीच्या घरातली आहे.

तिने मांदेली घेतली. मग फोनमध्ये तोंड घालून आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि फोनमधून हिंदीत आवाज आला, की असा माल पुन्हा येईल तेव्हा मला कळवा. मी मान हलवली आणि माझा फोन काढला. माझ्याकडे मेसेजचं ते हिरवं आहे, सगळ्यांकडे असतं ते. नावं मला वाचता येतात, पण फोनात मी रंगाने शोधते, ते लवकर होतं. मी हिरवं उघडून धरलं, तिने तिचा फोन धरला, तर तिचं पिवळं. दोघींनी एकमेकींच्या फोनकडे बघितलं. तिने हिरव्यावर बोट दाखवून मान हलवली, म्हणजे आहे तिच्याकडे, पण ती उघडत नाही. मी पिवळ्यावर बोट दाखवून मान हलवली, म्हणजे माझ्याकडे नाहीच. आम्ही दोघी हसलो, आणि तिने एका चिठ्ठीवर आपलं नाव आणि आकडे लिहून दिले. ती गेली.

माझ्या डाव्या बाजूला कोलंबीवाली बसते. तिचा आवाज सिग्नलपर्यंत जातो. ती म्हणाली, "काय गो, पिवळा-हिरवा खेळताव काय? गिऱ्हाईक सोडलंस ना?"

मी म्हटलं, "मांदेली घेतली तिने."

"आज घेतली. उद्याचं काय? तोंड उघडत जा गो जरा. फुकट दिलंय काय देवाने?"

अंधेरीच्या या फुटपाथवर आमची बावीस बायकांची ओळ. मी वर्सोव्याहून येते. माझी जागा सासूची, सासूच्या आधी तिच्या सासूची. सुकी मासळी मी एकटीच विकते, बोंबील, जवळा, मांदेली, सोडे. सासू होती तेव्हा ती हाका मारायची आणि मी वजन करायची. ती गेल्यावर पाटीमागे मी एकटी, आणि मला हाक मारता येत नाही. तोंड उघडलं की घसा बंद होतो. ओळखीचं माणूस समोर आलं तरी मी आधी खाली बघते. तरी माझं चाललं, कारण कोलंबीवाली ओरडते, पलीकडची पापलेटवाली ओरडते, त्यांच्या हाकेवर माणूस थांबतो आणि कोलंबी घेता घेता त्याची नजर माझ्या बोंबलांवर जाते. दुसऱ्यांच्या हाकांवर माझा धंदा.

फोनने मला थोडा आवाज दिला हे खरं. सुनेने हिरव्यातला माइक दाबायला शिकवलं. सकाळी मी घरात भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि बोलते, "आज बोंबील कडक वाळलेत. जवळा आलाय. सोडे नाहीत." भिंतीशी बोलताना घसा बंद होत नाही. ते जुन्या गिऱ्हाइकांना जातं आणि त्यातली दोन-तीन तरी त्या दिवशी येतात.

त्या संध्याकाळी मी चिठ्ठी सुनेला दाखवली, अक्षरं बघून ती म्हणाली ही बाई कोरियाची. मी विचारलं, "कोरियात पिवळं का?"

"तिकडे सगळे तेच वापरतात, आई."

"का?"

"सगळे वापरतात म्हणून."

"अगो, पण पहिल्याने का घेतलं?"

"पहिला कोण ते मला काय ठाऊक? तुम्हाला एवढी काळजी कशाला त्याची?"

काळजी नव्हती. पण डोक्यातून जाईना. सगळे वापरतात म्हणून सगळे वापरतात, हे उत्तर गोल होतं. त्याला कुठून आत शिरायचं हेच कळेना.

मग मी एक गोष्ट केली जी मी कधी केली नव्हती. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायला लागले. एक बाई विमानात काम करते, जवळच्याच बिल्डिंगमध्ये राहते, दर महिन्याला सोडे घेते. सोडे कागदात बांधताना मी विचारलं, "मॅडम, तुम्ही फिरता. सगळीकडे आपलं हिरवंच असतं का?"

तिने चष्मा वर केला. तीन वर्षांत मी तिच्याशी भावापलीकडे बोलले नव्हते. मग ती फुटपाथच्या कठड्यावर टेकली आणि फोन उघडून दाखवायला लागली. तिच्याकडे पाच-सहा होते. "मावशी, विमान उतरलं की देश बदलतो आणि हे पण बदलतं. जपानमध्ये वेगळं हिरवं. तिकडे मोठा भूकंप झाला होता ना, फोन लागत नव्हते, त्यानंतर ते निघालं. चीनमध्ये बाहेरची बंदच करून टाकलीत, त्यांचं त्यांचं आहे. दुबईला आपल्या हिरव्यातून मेसेज जातो, पण फोन लावला तर लागत नाही."

"आणि अमेरिकेत?"

"तिकडे साधाच मेसेज. फोनात आधीपासून असतो तो. त्यांना त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते, मग दुसरं कशाला घेतील?"

"आपल्याला पडायचे," मी म्हटलं.

हे मला आठवत होतं. बटणांचे फोन होते तेव्हा माझा दीर मेसेजचा पॅक मारायचा, आणि नेमका दिवाळीला तो पॅक चालायचा नाही. शुभेच्छा पाठवल्या की बॅलन्स खलास. तो शिव्या घालायचा. मग त्याच्याच फोनात पहिल्यांदा हिरवं आलं. नंबर टाकला की झालं, मेलबिल काही नको. पुढे बोलायची सोय आली आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या, ज्यांनी आयुष्यात पत्र लिहिलं नाही, त्याही घेऊन बसल्या. आता साधा मेसेज फुकट झाला तरी तो कोण बघतो? बँकेचे आणि जाहिरातींचे पडून असतात त्यात.

मॅडम गेली तेव्हा कोलंबीवाली माझ्याकडे बघत होती. "एवढा वेळ काय बोलत होतीस गो? लग्न जमवलंस काय?"

"जपानचं विचारत होते."

"जपान!" तिने पापलेटवालीला हाक मारली. "ऐकलंस का गो? हिला बोंबील जपानला पाठवायचेत!"

पंधरा दिवसांनी चांगली मांदेली आली, बारीक, चांदीसारखी. मी सुनेला सांगितलं, मला ते पिवळं टाकून दे. कोरियाच्या बाईची चिठ्ठी मी जपून ठेवली होती.

"एका गिऱ्हाइकासाठी?" सून म्हणाली. पण टाकून दिलं.

उघडलं तर आत ती एकटी. हिरव्यात माझी कितीतरी माणसं, खाली खाली जावं तर संपत नाहीत. इथे एक नाव आणि खाली सगळं रिकामं. मी रोजच्यासारखी भिंतीकडे वळले, माइक दाबला आणि बोलले, "आज मांदेली चांगली आलीय, बारीक, खडा नाही. जवळा आहे. सोडे नाहीत." पाठवल्यावर लक्षात आलं की मी मराठीत बोलले. तिला काय कळणार? पुसायचं कसं ते मला येत नव्हतं, आणि सून कामावर गेली होती. दिवसभर मी लाजेने तो फोन उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिच्या फोनने सांगितलं, "आपकी आवाज़ चार बार सुनी. समझ नहीं आया. इसलिए आ गई."

मी तिला मांदेली दिली. आणि ती एवढी चालत आलीच आहे, तर विचारूनच घ्यावं असं वाटलं. मी तिच्या फोनाजवळ तोंड नेलं आणि हिंदीत विचारलं, की तुम्ही पिवळंच का वापरता? फोन तिच्या भाषेत बोलला. मला वाटलं, ही पण काहीतरी स्वस्त-महाग, भूकंप, सरकार सांगेल. ती थोडंसंच बोलली. फोन म्हणाला, "मेरी माँ उसी में है."

ती गेली, आणि मला सासूचं एक जुनं बोलणं आठवलं.

आमची ओळ या वळणावरच का बसते, हे मी लग्न होऊन आले तेव्हा सासूला विचारलं होतं. पुढच्या गल्लीत झाडाची सावली होती, तिथे कोणी बसत नव्हतं आणि आम्ही उन्हात. सासू म्हणाली होती, इथे पूर्वी नळ होता. मासळी धुवायला पाणी लागायचं म्हणून पहिल्या चार बाया नळापाशी बसल्या. पुढे रस्ता रुंद झाला आणि नळ गेला. "मग आपण का गेलो नाही?" मी विचारलं. सासू म्हणाली, "कुठं जायचं? गिऱ्हाईक इथं येतं." नळ गेला, बाया राहिल्या. मेसेजचे पैसे गेले, हिरवं राहिलं. सुनेचं उत्तर गोल होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या गोलाच्या पोटात कुठेतरी एक नळ असतो, आणि तो प्रत्येक देशाचा वेगळा असतो. मला हे सापडलं तेव्हा इतकं बरं वाटलं की मी कोणाला तरी सांगावं म्हणून आजूबाजूला बघितलं. कोलंबीवाली कोलंबी सोलत होती. मी बोंबील पुन्हा रचायला घेतले.

एप्रिलमध्ये कळलं की आमचा फुटपाथ खोदणार. खाली मोठी गटारं टाकायचीत, पावसाच्या आधी सगळ्यांनी उठायचं. मागच्या गल्लीत नवी मंडई बांधून तयार आहे. फरशा, पंखे, नळसुद्धा. ती चार वर्षं तशीच पडून होती.

पडून का होती हे मला चांगलं माहीत होतं, कारण उघडली तेव्हा तिच्यात गेलेल्या पाच बायकांत मी होते. मी का गेले होते? वाटलं, आत शांत असेल, ओरडावं लागणार नाही. शांतच होतं. अकरा दिवस आम्ही पाचजणी पंख्याखाली बसलो. माणसं दारातून डोकावायची, पाचच पाट्या बघायची आणि बाहेर ओळीकडे जायची. माझी जुनी गिऱ्हाइकंसुद्धा आली नाहीत. नुसते बोंबील घ्यायला कोण वाट वाकडी करतं? त्यांना पापलेट हवं असतं, कोलंबी हवी असते आणि वरून बोंबील. बाराव्या दिवशी मी परत फुटपाथवर आले.

आता उठायचंच होतं. आमच्या बायकांचा हिरव्यात एक गट आहे, त्यात एरवी देवाचे फोटो आणि शुभ सकाळ असतं. त्यात भांडण पेटलं. सहा-सातजणी म्हणाल्या, आम्ही स्टेशनच्या बाजूला बसू. दोघी म्हणाल्या, बिल्डिंगी फिरू डोक्यावर पाटी घेऊन. काहींनी मंडई धरली. पापलेटवाली म्हणाली, "मी नाय जात त्या डब्यात. मागच्या वेळी पाचजणी गेल्या, काय झालं त्यांचं, विचारा सुक्याला." सुकं म्हणजे मी. कोलंबीवाली म्हणाली, "मी बघते महिनाभर, कुठं गर्दी होते, मग जाते तिथं."

सगळ्याच असं म्हणत होत्या, आधी दुसरी जाऊ दे, मग बघू. बावीसजणी चार जागी गेल्या तर कोलंबीवाली कुठेही जगेल, तिचा आवाज तिच्याबरोबर जाईल. माझ्याबरोबर काय येणार होतं? सकाळच्या मेसेजवर दोन-तीन गिऱ्हाइकं येतात, तीही ओळीकडे येतात म्हणून येतात. ओळ फुटली की माझा धंदा बंद, आणि सासूची जागा माझ्या हातून जाणार. मला दुसरं काही येत नाही.

दोन दिवस मी गटातलं नुसतं ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकांचा मेसेज करून झाल्यावर भिंतीसमोर तशीच उभी राहिले. मग गट उघडला आणि माइक दाबला. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर मी ते स्वतःच कितीदा तरी ऐकलं.

"मी सुकी बोलते. मागच्या वेळी मंडई वाईट नव्हती. आम्ही पाचच गेलो म्हणून बुडालो. एकेक करून कुठेच जाता येत नाही. आधी दुसरी जाऊ दे, असं म्हणत बसलो तर कोणीच जाणार नाही आणि गिऱ्हाईक तिसरीकडे जाईल. जायचं तर एका दिवशी जाऊ. सगळ्या. आणि ओळ मोडू नका. जिच्या बाजूला जी बसते ती तिथेच बसू दे. गिऱ्हाईक आपल्याला नावाने ओळखत नाही, बाजूच्या बाईवरून ओळखतं. बस."

पाठवून मी फोन तांदळाच्या डब्यावर उलटा ठेवला आणि पाटी भरायला घेतली.

फुटपाथवर पोचले तर कोलंबीवाली कमरेवर हात ठेवून उभी. "ही कोण बोलली गो सकाळी? मला वाटलं रेडिओ लागला!"

मी खाली बघितलं.

"वर बघ. बाजूच्या बाईवरून ओळखतं, असं म्हणालीस. म्हणजे मी कोण? तुझी पाटी?" ती चार बायकांना ऐकू जाईल अशी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं हाय गो. मला परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, ती सुक्याच्या बाजूची कोलंबीवाली ना तू? एवढी ओरडते मी, आणि सुक्याच्या बाजूची!"

पापलेटवाली तोंड फुगवून होती. ती म्हणाली, "एका दिवशी म्हणजे कधी?"

त्यावर दोन दिवस गेले. मंगळवार नको, अमावस्या नको, हिच्या घरी साखरपुडा. शेवटी एक शुक्रवार ठरला. तिघी स्टेशनवरच अडून राहिल्या, त्यांना आम्ही जास्त बोललो नाही.

मंडईत गेलो तर पालिकेच्या साहेबांनी जागांच्या चिठ्ठ्या काढलेल्या. मला दारापाशी सतरा नंबर, कोलंबीवालीला अगदी मागे तीन. साहेब म्हणाले, "नंबर आला तिथे बसायचं. गोंधळ नको."

कोलंबीवाली म्हणाली, "साहेब, घरी जेवायला बसताना चिठ्ठ्या काढता काय?"

"मावशी, यादी वर गेलीय."

"जाऊ दे की वर. आम्ही खाली बसतो."

मग जे झालं ते बघायला मजा आली. एकोणीस बायका चिठ्ठ्या हातात घेऊन एकमेकींत अदलाबदल करत होत्या. मला दारापाशीची जागा मिळाली होती, ती सोडायला जीव तुटत होता हे कबूल करते. आत येणारा प्रत्येकजण आधी मला दिसला असता. मी ती चिठ्ठी पापलेटवालीच्या जावेला दिली, ओळीत पहिली तीच बसायची. साहेब बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं आणि यादीतली नावं खोडून नवी लिहायला बसले. म्हणाले, "सावकाश सांगा, कोणाच्या बाजूला कोण?"

फुटपाथ त्याच सकाळी खोदायला घेतला होता, आणि पहिल्या दिवशी अकरापर्यंत गिऱ्हाईक फार नव्हतं. छत उंच, त्यामुळे कोलंबीवालीचा आवाज घुमायला लागला आणि दाराबाहेरची भाजीवाली कानात बोटं घालून बसली. मी बोंबील सरळ करत होते, वाकडे करत होते, पुन्हा सरळ करत होते. सकाळच्या मेसेजमध्ये मी नवी जागा सांगितली होती, तरी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते.

साडेअकराला एक म्हातारे गृहस्थ आत आले. माझ्या फोनात ते नाहीत, त्यांचं नाव मला माहीत नाही, फक्त बोंबील चपटे लागतात एवढं माहीत. ते दारात थांबले आणि बोटाने हवेत मोजत पुढे आले. पापलेट, तिच्यानंतर कोलंबी, आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"अर्धा तास फिरतोय मी त्या खड्ड्याभोवती," ते चिडून म्हणाले. "सांगायला काय होतं?"

"तुमचा नंबर नाही माझ्याकडे," मी म्हटलं. त्यांच्याकडे बघून म्हटलं. "देता का?"

ते खिसे चाचपायला लागले. कोलंबीवालीने त्यांची पिशवी ओढली, "नंबर मागून द्या काका, आधी कोलंबी बघा, आत्ताच आलीय." आणि त्यांच्या मागे दारातून आणखी दोघी आत येत होत्या, त्याही तशाच ओळीने मोजत.